ओठावरचा वळ

आमच्या घरात पितळ घासायचं बायकांनी आणि वाजवायचं पुरुषांनी. असा नियम कुणी कधी तोंडानं सांगितला नव्हता, पण तो घराच्या भिंतीइतका पक्का होता. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बँड कंपनी पुढच्या सोप्यातच होती. खुंट्यांना टांगलेल्या आखूड पितळी तुताऱ्या, म्हणजे कॉर्नेटं, कोपऱ्यात मोठा ढोल, लाल कोटांची पेटी, आणि त्या सगळ्याला तेलाचा, घामाचा, गुलालाचा मिळून एक वास. लग्नसराई संपली की वाद्यं काळवंडून यायची. मग आई परातीत चिंच भिजत घालायची आणि आम्ही दोघी मागच्या न्हाणीपाशी बसून एकेक वाद्य घासायचो. चिंचेचा कोळ, मग चाळलेली राख, मग धुणं, मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसणं. पुसून झालेलं कॉर्नेट मांडीवर घेतलं की त्यात माझं तोंड वाकडंतिकडं दिसायचं. मला ते वाजवावंसं वाटायचं. भूक लागते तसं वाटायचं. एकदा आई चुलीपाशी गेलेली बघून मी फुंकलंही होतं, पण फुस्स करून नुसता वारा निघाला आणि मागोमाग पाठीत आईचा धपाटा बसला.

धपाट्याचं कारण होतं ओठ. कॉर्नेट वाजवणाऱ्याच्या वरच्या ओठावर माउथपीसचा, म्हणजे फुंकायच्या पितळी तोटीचा, गोल वळ उठतो. रोज वाजवलं की तो जातच नाही. आबांचा वळ मिशीतूनही दिसायचा आणि ते तो पैलवानाच्या मोडलेल्या कानासारखा मिरवायचे. पण लेकीच्या ओठावर वळ? "बघाय आल्यालं पावणं च्या न पिता उठून जातील," आई म्हणायची. विषय तिथेच संपायचा. आणखी एक रीत होती. वाद्य कंपनीचं, पण माउथपीस ज्याचं त्याचं. आबा ज्याला माउथपीस देतील तो बँडमधला. तो मग ते रुमालात गुंडाळून खिशात बाळगायचा, जेवताना ताटाशेजारी ठेवायचा, परगावी गेला तर उशाखाली घेऊन झोपायचा. माझा सख्खा दादा ढोल वाजवायचा, त्यामुळे त्याला माउथपीस नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. मला वाटायचं. आबांनी आपल्याला हाक मारावी, "मंदे, हिकडं ये," म्हणावं आणि तळहातावर ते थंडगार पितळ ठेवावं, एवढंच मला त्या वयात हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

माझ्या वाट्याला आलं मशीन. मशीन म्हणजे टेपरेकॉर्डर. नव्या सिनेमाची कॅसेट बाजारात आली की आबा ती घेऊन यायचे आणि गाणं उतरवायला बसायचे. मी एक ओळ वाजवायची, थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा वाजवायची. आबा बाजाच्या पेटीवर सूर शोधायचे. ओळ नेमकी कुठे सुरू होते ते मला बोटांनी कळायचं, घरात दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. अडचण एकच होती, शेजारची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आमच्या गल्लीतले दिवे पिवळे पडायचे आणि मशीन दमायचं. गाणारी बाई हळूहळू बाप्या व्हायची. एका वर्षी आबांनी घाईत एक गाणं गिरणीच्या वेळेतच उतरवून घेतलं, आणि मशीन दमलंय हे मी सांगत असताना "गप बस" म्हणाले. ते नाचाचं गाणं होतं. इचलकरंजीच्या वरातीत ते इतकं रेंगाळत वाजलं की नवरदेवाची घोडी पेंगायला लागली आणि मुलाकडच्यांनी विचारलं, वरात हाय का मयत? तेव्हापासून गिरणी चालू असताना मशीनला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी बरोबर होते, हे मात्र कुणीच म्हणालं नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. गडहिंग्लजकडची, तिकडच्या बायका आपल्याविषयी 'आलो, गेलो' असंच बोलतात. तिचे वडीलही बँडमास्तर, आबांचे जुने दोस्त. उंचीनं माझ्याएवढी, वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, दात पुढे, आवाज खणखणीत. आल्या आल्या तिनं शेंगापोळ्या केल्या. आबांना गोड चालत नसे, आईच्या पुरणपोळीला ते कधी बोट लावत नसत, आणि इथे एकामागून एक शेंगापोळ्या खाऊन वर म्हणाले, "ह्येला म्हंत्यात हात." आई हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ते काहीच नव्हतं.

आषाढ लागला होता. लग्नं संपली, वाजवणारे आपापल्या शेतावर गेले, आणि न्हाणीपाशी आता आम्ही तिघी घासायला बसलो. आबा बाहेर सोप्यात दादाशी बोलत होते. वहिनीनं कॉर्नेट धुतलं, उलटं धरून झटकलं. आत अडकलेली चिंच निघेना. तिनं ते सहज तोंडाला लावलं आणि फुंकलं. सूर आला. फुस्स नाही, घोगरा नाही, अख्खा सूर. जरा खालून चढून वर येऊन स्थिर झालेला. मी हातातली चिंच तशीच धरून राहिले. सोप्यातलं बोलणं थांबलं आणि आबा आत आले.

"कुणी वाजवलं?"

वहिनीनं पदर पुढे ओढला. "मी वाजवलो न्हाय मामा. आत चिंच अडकलीती, तेवढीच फुकून काढलो."

"परत काढ बघू."

"आवं, सून हाय ती," आई म्हणाली. "ओठाला वळ उठंल तिच्या."

"उठू दे की! लगीन झालंय तिचं. आता कोण बघाय येणार हाय?"

सगळे हसले. दादा तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या हसण्यात माझ्या आयुष्याचा निकाल लागला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या ओठासाठी मला इतकी वर्षं दटावलं, तो ओठ लग्नानंतर मोकळा होतो. पण लग्नानंतर लेक या घरात नसते. म्हणजे माझ्या वाट्याचं कॉर्नेट दुसऱ्याच्या घरून येणाऱ्या बाईसाठी राखून ठेवलेलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं. तिच्याही माहेरी लेकींना वाद्य फुंकायला बंदी होती, भिंतीआडून ऐकून ऐकून ओठ शिकला, असं ती पुढे सांगायची. सांगू दे. भिंतीआडून मीपण ऐकलं होतं.

आबा तिला रोज शिकवू लागले. बाहेर बायकांनी वाजवायचा प्रश्नच नव्हता. पण पावसाळ्यात वाजवणारे नसताना नवी गाणी बसवायला घरात एक ओठ हवा होता आणि तो मिळाला. दुपारची भांडी झाली की वहिनी सोप्यात जायची आणि मी उरलेली भाकरी झाकून ठेवत तिचा एकेक सूर ऐकायचे. लांब सूर धरायचा, दम संपेपर्यंत. "पोटातनं, सुनबाई, पोटातनं," आबा सांगायचे. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चुकावी ती, घोगरं वाजवावं तिनं, ओठ फुटावा तिचा, अशी मी चुलीपुढे बसून वाट बघायचे. आता इतक्या वर्षांनी लोक मला सांगतात, असलं काही लिहू नका, मोठ्या झालात, सोडून द्या. का म्हणून सोडू? माझ्याकडे जे काही आहे ते त्या चुलीपुढच्या जळण्यातूनच आलेलं आहे.

कसं, ते सांगते. वहिनी चुकते हे आबांना दाखवायचं, असं मी ठरवलं. ऐकताना चूक निसटते, मशीनवर निसटत नाही. म्हणून मी मशीन दाराआड ठेवून तिचा रियाझ भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर चुका वेचायला बसले. चुका होत्या. सूर धरायच्या आधी ती किंचित खाली असायची, मग चढायची. प्रत्येक वेळी. मला इतका आनंद झाला की ती जागा मी पुन्हा पुन्हा मागं घेऊन ऐकत होते. तेवढ्यात शेजारी गिरणी सुरू झाली. दिवा पिवळा पडला. मशीन दमलं. वहिनीचा सूर खाली उतरायला लागला, उतरत उतरत पार तळाला गेला, आणि ती जी छोटीशी चूक होती ना, खालून वर चढण्याची, ती आता इतकी लांबली की नदीपलीकडे म्हैस हंबरावी तसं काहीतरी जमिनीतून उठून येतंय असं वाटलं. मी मशीन बंद करायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. ते कॉर्नेट नव्हतं. वहिनीही नव्हती. आजवर कुणीही न वाजवलेलं एक वाद्य आमच्या स्वयंपाकघरात वाजत होतं, आणि ते फक्त मला ऐकू येत होतं.

त्यानंतर मला वेड लागलं. हुसेनचाचा आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या मुलानं आखातातून कॅसेटचा चांगला डेक आणला होता, गिरणी लागली तरी न दमणारा. मी तो मागून आणला. एकावरून दुसऱ्यावर उतरवायचं, गिरणीच्या वेळेत वाजवायचं, पुन्हा भरायचं, म्हणजे सूर आणखी खाली जाई. कॅसेटच्या चाकाला पेन्सिल लावून धरलं की तो थरथरे. आई म्हणायची, "ही काय गिरणीवाल्याच्या प्रेमात पडली काय, गिरणी लागली की उठतीया." दळण घेऊन जायला मी आपण होऊन तयार असायचे, कारण गिरणी किती वेळ चालणार ते विचारून घेता यायचं. अशी मी एक कॅसेट तयार केली. सगळी वहिनीच्या दमाची. आणि माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं की हे ऐकल्यावर आबा मला माउथपीस देतील.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम उघडायचा. त्याआधी सगळे वाजवणारे सोप्यात जमायचे, वाद्यांना हार घातला जायचा, आई सगळ्यांना आंबोळ्या आणि खर्डा वाढायची, मग पहिली तालीम. त्या दिवशी मी सोप्याच्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणाले, "आबा, मला एक ऐकवायचंय. सगळ्यांनी नुसता खालचा सा धरायचा. मी मशीन लावते." आबांना नवल वाटलं, पण हंगामाचा पहिला दिवस होता, मन मोकळं होतं. "लाव," म्हणाले. मी मशीनची वायर लाउडस्पीकरच्या कर्ण्याला जोडली. शेजारी गिरणी चालूच होती, मी वेळ बघूनच आले होते. जाड आवाजाच्या युफोनियमनं सा धरला, मग क्लॅरिनेटांनी, आणि त्यांच्या खालून माझा सूर चढायला लागला. भिंतीवरच्या फोटोंच्या काचा थरथरल्या. हुसेनचाचांनी वाजवता वाजवता डोळे मिटले. सूर संपला. मी आबांकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही.

"ह्ये वाजवालंय कोण?" आबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. "तू न्हवं. सूर खालनं चढतोय बघ. ती वाजवालीया. तू मशीन लावलीस."

"पर मास्तर," हुसेनचाचा म्हणाले, "पोरीनं कायतरी येगळं काढलंय की."

"काढलंय की. न्हाय कोण म्हंतंय? पर दम कुणाचा हाय?" आणि त्यांनी वहिनीला आतून हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. आबांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि स्वतःचं जुनं माउथपीस, चांदीचा मुलामा उडत आलेलं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं, तिच्या हातावर ठेवलं. "मशीनवर बी तुझा सूर झाकत न्हाय," म्हणाले. सगळ्यांनी वाहवा केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॅसेट काढली आणि आत जाऊन आंबोळ्यांचं पीठ ढवळत बसले, ते पार आंबूस होईपर्यंत.

मी घर सोडलं ते त्या दिवसामुळे. पुण्याला एका स्टुडिओत मशीन लावायचंच काम मिळालं, तिथून मुंबई, तिथून परदेशातला एक मोठा स्टुडिओ, भिंतभर यंत्रांचा. पुढे व्हायोलिन, चेलो, पितळी शिंगांच्या मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी मी संगीत लिहू लागले, आणि प्रत्येक वेळी त्या वाद्यांच्या पोटात यंत्रातला एक सूर ठेवू लागले. स्टुडिओवाले म्हणायचे ही ऑर्केस्ट्रावाली, ऑर्केस्ट्रावाले म्हणायचे ही स्टुडिओवाली. दोन्हीकडे मी उंबऱ्याशीच उभी, पण त्याची मला सवय होती. जाणकारांनी त्या सुराविषयी पुष्कळ लिहिलं आहे. कुणाला त्यात देवमासा ऐकू येतो, कुणाला बर्फाचा कडा. मी कुणालाच दुरुस्त करत नाही. पण माझ्या प्रत्येक मोठ्या रचनेत तळाला भाकरी खाऊन सोप्यात बसलेली माझी भावजय आहे, आणि टाळ्या वाजतात तेव्हा मला दरवेळी एकच शंका येते की त्या कुणाला पडतायत.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात माझा कार्यक्रम झाला. ऑर्केस्ट्रा मुंबईहून आला होता. आबा आता पुष्कळ थकलेत, पण दाढी करून, फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. दादा वारल्यापासून त्यांचं सगळं वहिनीच बघते, त्यामुळे शेजारी ती. सुरुवात मशीनच्या सुरानंच होती. तीच जुनी कॅसेट, आता कंप्युटरवर. तो सूर खालून चढतो, मोठी व्हायोलिनं त्याला येऊन मिळतात, मग शिंगं, आणि सबंध रचनाभर तो कुठेही तुटत नाही. खरं तर वहिनीचा दम कधीच संपलेला असतो. एका दमाचं पोट कापून दुसऱ्या दमाला मी असं जोडलं होतं की सांधा ऐकू येऊ नये. माझ्या उमेदीची वर्षं त्या सांध्यात गेली आहेत, आणि सांधा चांगला जमला की तो कुणाला ऐकू येत नाही, हेच या कामाचं दुखणं आहे.

कार्यक्रमानंतर मी हार-तुरे हातात घेऊन त्यांच्यापाशी गेले. आबा वहिनीकडे वळून म्हणाले, "सूर तुझाच की गं."

आलंच पुन्हा. मला वाटलं, हेच ऐकायला बोलावलं का मी यांना? वहिनी लाजून हसली, पुढचे दात दाखवत. "मी तर तुमच्याजवळ बसलोय मामा," म्हणाली.

"पर दम तुझा न्हाय," आबा म्हणाले.

वहिनीचं हसू तसंच राहिलं.

"तुला म्याच शिकीवलंय. तुझा दम मला ठावं हाय, कुठं संपतोय त्यो. ह्यो संपतच न्हाय. मधी कुणीतरी धरलाय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, पापण्या न हलवता, गाणं उतरवताना बघायचे तसं. "कुणी धरलाय?"

"मी," मी म्हणाले.

आबांनी मान डोलावली. मग वहिनीच्या हातावर थोपटून म्हणाले, "बघ. हिच्याकडनं शिकून घे जरा."

वहिनीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. मला लगेच कळलं. ते माझ्याच घरचं होतं, चुलीपुढे पेटलेलं ते मी किती वर्षं पोसलं होतं. इतकं गोड मला शेंगापोळीही कधी लागली नव्हती. घरी जाताना रिक्षात वहिनी आबांचा फेटा सोडून घडी घालत बसली, आणि मी सगळ्या वाटेनं कोल्हापूर किती बदललंय याविषयी बोलत राहिले.

सकाळी उठले ती सुरानं. सोप्यात आता वाद्यं नाहीत, एक कॉर्नेट तेवढं खुंटीला आहे. ते वहिनीनं काढलं होतं. एक दम धरायची, संपला की थांबायची, पुन्हा धरायची. मी बाहेर आले. चहाची किटली झाकून ठेवलेली होती. तिच्या सुरकुतलेल्या ओठावर लाल गोल वळ उठला होता, जुन्या जागीच, आणि हातातलं माउथपीस ते आबांचं, आता चांदी पार उडालेलं.

"वन्सं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते मधी कसं धरलासा, मला दावा की."

मी चहा ओतून घेतला. घोटभर प्यायले. तिनं नेहमीसारखं माझ्यासाठी आलं जास्त घातलं होतं.

"दाखवते की," मी म्हणाले. "गिरणी सुरू झाली की दाखवते."

गिरणी बंद पडून जमाना झाला. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. वहिनीला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, पदरानं ओठ पुसले आणि कॉर्नेट पुन्हा तोंडाला लावलं.